दगडाच्या भरवशावर

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीचा छंद असलेल्यांना ॲना थिन माहीत असायला हवी. वेस्टमिन्स्टरच्या पाद्र्याची ही बायको १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घेऊन आली, तेही सुईदोऱ्याने चक्क स्पंजाला शिवून! पाणी शिळं होऊ नये म्हणून घरची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभी राहून ते या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. तिचं नाव कोणी लिहून ठेवलेलं मला तरी दिसलं नाही. नाव झालं ते बाईसाहेबांचं. पुढे बाईंनी पाण्यात समुद्री वनस्पती सोडल्या. प्रवाळ तीनेक वर्षं टिकलं.

माशांच्या घाणीतला अमोनिया मात्र ओतून जात नाही. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात आपली रीत मांडली: फिल्टर नाही, फक्त हवेचे बुडबुडे आणि समुद्रातला जिवंत दगड, म्हणजे जिवाणू वसलेला प्रवाळाचा सांगाडा. दगडाच्या छिद्रांतले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात.

आपल्याकडे दगडी प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणून ठाण्याच्या घरी मी कोरडा दगड लावतो, जिवाणू बाटलीतले. ते रुजायला महिना-दीड महिना जातो. दुकानदार आठवड्यात मासे सोडायला सांगतात. त्यांना मासे विकायचे असतात.

‘‘काका, रिकाम्या टाकीत काय बघता?’’ पुतण्या विचारतो.

‘‘नायट्राइट. अजून उतरलं नाही.’’