तिजोरी कोणाची? मुंबई कौन्सिलातला एक जुना वाद

गणेशोत्सव जवळ आला की मंडळाच्या सभेत एक वाद हमखास होतो. पावतीपुस्तके घेऊन जिने चढायचे कार्यकर्त्यांनी, आणि पैसा कशावर किती खर्चायचा हे ठरवायचे कार्यकारिणीने! मांडववाल्याचे पैसे आधी की मुलांच्या स्पर्धांची बक्षिसे आधी, यावर आवाज चढतात. आरतीची वेळ झाली की वाद थांबतो आणि पुढच्या वर्षी तिथूनच पुन्हा सुरू होतो. आम्हांला या वादाचे कधी वाईट वाटले नाही. पैसा कोणाकडून घ्यायचा, कोणी ठेवायचा आणि कोणासाठी खर्चायचा, हाच तर राज्यकारभाराचाही मुख्य प्रश्न आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कायदे कौन्सिलात तो असाच गाजला होता, आणि त्या कथेचा एक धागा आपल्या बडोद्याला जोडलेला आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी ती आठवण.

१९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा १९२१ पासून अमलात आल्या. प्रांतांकडे काही अधिकार सोपवण्यात आले. शिक्षण, आरोग्य, शेती, अबकारी ही ‘सोपीव’ खाती कौन्सिलाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे गेली. अर्थ, भूमहसूल, पोलीस ही ‘राखीव’ खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. यालाच द्विदल राज्यपद्धती म्हणत. सरळ सांगायचे तर घरातली निम्मी कामे सुनेकडे, पण किल्ल्या मात्र सासूच्या कमरेला! मुंबईचे पहिले शिक्षणमंत्री रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची त्यांना तळमळ होती, पण अर्थखाते त्यांच्या हाती नव्हते.

त्याहून मोठा पेच होता तो दिल्ली आणि प्रांत यांच्यातल्या वाटणीचा. लॉर्ड मेस्टन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२० मध्ये हिशेब मांडला. भूमहसूल, अबकारी, मुद्रांक आणि पाटबंधारे यांचे उत्पन्न प्रांतांना. जकात, मीठ, अफू, रेल्वे आणि प्राप्तिकर हिंदुस्थान सरकारला. या वाटणीने दिल्लीच्या तिजोरीत तूट पडणार होती. ती भरून काढण्यासाठी प्रांतांनी वर्षाला ९८३ लाख रुपये द्यावेत असे ठरले. मद्रासवर ३४८ लाख, संयुक्त प्रांतावर २४० लाख, पंजाबवर १७५ लाख, बंगालवर ६३ लाख आणि मुंबईवर ५६ लाख.

मुंबईचा आकडा लहान दिसतो. मग मुंबईची तक्रार कशाबद्दल होती? तर ती प्राप्तिकराबद्दल. पूर्वी या कराचा निम्मा वाटा प्रांताला मिळत असे. आता तो सगळाच दिल्लीला गेला. गिरण्या, पेढ्या आणि बंदर असलेल्या मुंबईत हाच कर वाढणारा होता. प्रांताच्या हाती राहिला तो शेतसारा, जो तीस-तीस वर्षांनी बदले, आणि दारूवरचा कर, जो वाढावा अशी इच्छा धरणे कोणा सभ्य माणसाला शोभेना. ओरड झाल्यावर प्राप्तिकराच्या वाढीव उत्पन्नात थोडा वाटा देण्याची तरतूद झाली. पण तुलनेसाठी धरलेले १९२०-२१ हे वर्ष युद्धोत्तर तेजीचे होते. पुढे मंदी आली आणि मुंबईच्या पदरात फारसे काही पडले नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुंबईचा व्यापारी नफा कमावतो तो साऱ्या देशाच्या मालावर. मग त्यावरचा कर एकट्या मुंबईने का घ्यावा, असा इतर प्रांतांचा सवाल होता. आणि तोही काही खोटा नव्हता.

याच वादावर सर्वांत खोल अभ्यास केला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने निघाला, तो महाराजांनाच अर्पण केलेला आहे. ही गोष्ट आपण बडोदेकर अभिमानाने सांगतो. पण दुसरीही सांगायला हवी. १९१७ मध्ये हेच विद्वान नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा राहायला खोली मिळेना. एका पारशी वसतिगृहात नाव लपवून राहावे लागले, आणि तिथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. तेव्हा आपल्या वाडवडिलांच्या वाड्यांचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. अर्पणपत्रिका वाचताना आम्हांला हे आठवते, आणि आठवले पाहिजे.

१९२७ मध्ये बाबासाहेब मुंबई कौन्सिलाचे नियुक्त सभासद झाले. २४ फेब्रुवारीला अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी वादाची दिशाच बदलली. दिल्लीने किती घेतले एवढेच न विचारता, मुंबई सरकार स्वतः कोणाकडून घेते, हे त्यांनी विचारले. व्यापाऱ्याला उत्पन्न झाले तरच प्राप्तिकर, आणि दोन हजारांपर्यंतच्या उत्पन्नाला तर माफीच. शेतकऱ्याने मात्र पीक येवो वा बुडो, सारा भरायचाच. एक एकरवाला आणि जहागीरदार दोघांना एकच न्याय! पुढच्याच महिन्यात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दाखवून दिले, की प्रांत शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतो आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करतो. जनता अबकारीत जे देते, निदान तेवढे तरी तिला शिक्षणात परत मिळावे, एवढेच त्यांचे मागणे होते.

शेतसाऱ्याचा हा प्रश्न वर्षभरात आपल्या उंबरठ्यावर आला. बारडोली तालुक्याचा सारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला गेला आणि १९२८ मध्ये वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला. जप्तीच्या भीतीने कित्येक शेतकरी गुरेढोरे घेऊन शेजारच्या बडोदे संस्थानच्या हद्दीत आले. कौन्सिलातील कन्हैयालाल मुनशींसारख्या सभासदांनी राजीनामे दिले. चौकशीअंती वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. आकडेमोड चुकली की ती कोणाच्या तरी गोठ्यातली म्हैस ओढून नेते, हे त्या वर्षी साऱ्या देशाला कळले.

मेस्टन यांनी लादलेल्या वर्गण्या त्याच सुमारास रद्द झाल्या. १९३५ च्या कायद्याने प्राप्तिकराचा काही भाग प्रांतांना देण्याचे तत्त्व मान्य झाले, आणि १९३६ च्या नीमायर निवाड्यात त्यातले २० टक्के मुंबईला मिळाले. फाळणीनंतर नवी वाटणी करण्याचे काम चिंतामणराव देशमुखांकडे आले. त्यांनी १९५० मध्ये मुंबईचा वाटा २१ टक्के ठरवला. आपले बडोदे १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले होते, तेव्हा त्या वाट्यात आपणही आलो. पुढे संविधानानुसार १९५१ मध्ये पहिला वित्त आयोग नेमला गेला. आज जीएसटी परिषदेत केंद्राचे मत एक तृतीयांश आणि राज्यांचे मिळून दोन तृतीयांश धरले जाते. टेबल बदलले, खुर्च्या बदलल्या. वाद तोच आहे.

तो असावा, असेच आम्हांला वाटते. मात्र वाटणीवर भांडताना आपण बहुधा एवढेच विचारतो, की आमच्या राज्याला किती मिळाले. १९२७ साली कौन्सिलात विचारलेला प्रश्न याच्या पुढचा होता: मिळालेल्या पैशातून एक एकरवाल्याच्या मुलाच्या शाळेला किती गेले? यंदाच्या सभेत मांडववाल्याच्या बिलावर आवाज चढला, तर मुलांच्या बक्षिसांची आठवण कोणीतरी करून द्यावी. बुद्धीच्या देवतेच्या उत्सवात तेवढे व्हायलाच हवे.