'स्नायू' आणि 'पेशी' : मराठी शारीर-परिभाषेतील एका अर्थांतराचा इतिहास

प्रस्तावना

पूर्वीच्या वेल्हे, आताच्या राजगड तालुक्यातील विंझरसारख्या गावातून मराठी माध्यमात शिकून आलेल्या विद्यार्थ्याच्या मनात 'पेशी' म्हणजे सजीवाचा सूक्ष्मतम घटक आणि 'स्नायू' म्हणजे हालचाल घडविणारे मांस, हे अर्थ पक्के असतात. प्राचीन भारतीय विज्ञानाचा इतिहास अभ्यासताना तो सुश्रुतसंहितेकडे वळतो तेव्हा शरीरात 900 स्नायू व 500 पेशी असतात, हे विधान त्याच्यासमोर येते. आधुनिक शारीरशास्त्र स्नायूंची संख्या सहाशेहून अधिक मानते आणि पेशींची संख्या तर अब्जावधींच्याही पलीकडे जाते. तेव्हा सुश्रुतांची गणना काल्पनिक होती, असा त्याचा ग्रह झाल्यास नवल नाही. हा ग्रह शब्दांच्या अर्थांतरामुळे होतो. त्या अर्थांतराचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सुश्रुतांचा अर्थ

शारीरस्थानात 'पेशी' हा शब्द मांसाच्या पृथक् विभागासाठी येतो. पाचशेपैकी 400 पेशी शाखांमध्ये, म्हणजे हातापायांत, 66 कोष्ठात आणि 34 मानेच्या वर सांगितल्या आहेत. आज आपण ज्यांना स्नायू म्हणतो, त्या ह्याच. जाड, पातळ, रुंद, वाटोळ्या, आखूड, लांब असे त्यांचे भेद आकारावरून व स्पर्शावरून केले आहेत. शिरा, अस्थी व सांधे यांना आच्छादून बळ देणे हे त्यांचे कार्य मानले आहे. आकुंचन पावून हाड ओढणे ही कल्पना तेथे स्पष्टपणे आढळत नाही.

'स्नायु' मात्र बंधनाचे द्रव्य आहे. फळ्या अनेक बंधांनी घट्ट आवळलेली नाव जशी पाण्यावर भार वाहते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे मनुष्य भार सहन करतो, असा दृष्टांत सुश्रुतांनी दिला आहे. अस्थी, पेशी, शिरा किंवा सांधे यांच्यापेक्षाही स्नायूला झालेली इजा अधिक घातक, असेही ते सांगतात. शल्यचिकित्सकाच्या अनुभवातून आलेले हे निरीक्षण आहे, असे वाटते. स्नायूंचे प्रकार चार : शाखा व सांधे यांतील प्रतानवती, 'कंडरा' म्हणून ओळखले जाणारे वृत्त, पार्श्व-छाती-पाठ-शिर येथील पृथु, आणि आमाशय, पक्वाशय व बस्ती यांच्या टोकांशी असलेले सुषिर.

आधुनिक परिभाषेशी ही विभागणी ताडून पाहणे उद्बोधक आहे. कंकालस्नायू ऐच्छिक व पट्टकी असतात. ते बहुधा कंडरेने हाडाला जोडलेले असतात आणि कंडरेचे तंतू अस्थ्यावरणातून थेट हाडात शिरतात. पोटावरील रुंद स्नायूंची जोडणी चपट्या पटलाने होते, तर चेहऱ्यावरील अनेक स्नायू त्वचेलाच चिकटतात. अपट्टकी स्नायू आतडे, मूत्राशय, रक्तवाहिन्या यांच्या भित्तींतच गुंफलेले असतात. हाडाशी त्यांचा संबंध नाही. हृदयस्नायूचा आधार हृदयातीलच तंतुमय सांगाडा होय. सुश्रुतांचे वृत्त व पृथु म्हणजे कंडरा व पटल, आणि प्रतानवती बहुतांशी अस्थिबंध, असे म्हणता येते. सुषिर हा प्रकार द्वारांभोवतालच्या अपट्टकी स्नायूच्या सर्वांत जवळ जातो.

जोडणीकडे एवढे लक्ष का गेले असावे? प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यावे आणि मग वाळा इत्यादींच्या कुंचीने थर खरवडीत पाहावे, अशी पद्धत संहितेत आहे. मऊ मांस अशा वेळी लवकर विघटित होते, चिवट बंध टिकतात. निरीक्षणाचा भर बंधांवर पडण्यामागे हे एक कारण असावे, असे अनुमान करता येईल.

मराठीतील स्थलांतर

1836 मध्ये कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले आणि 1845 मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. तेथील पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी होते. नव्या शास्त्राची भाषा इंग्रजी, तर जुन्या ग्रंथांची संस्कृत होती. या दोहोंमध्ये मराठीला शब्द शोधावे लागले. याच काळात मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने मूळ ग्रंथ सुलभ केले. 1880 मध्ये डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादिलेले अष्टांगहृदय आणि 1915 मध्ये यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली सुश्रुतसंहिता तेथून प्रसिद्ध झाली. ग्रंथ हाती आले, पण लोकव्यवहारात शब्द निराळ्या वाटेने गेले.

या प्रवासात मराठी एकटी नाही. हिंदीत मांसाला 'पेशी' हाच शब्द राहिला आणि सूक्ष्म घटकाला 'कोशिका' आला. बंगालीत 'स्नायु' म्हणजे मज्जातंतू. ग्रीक भाषेतही 'न्यूरॉन' हा शब्द आधी कंडरेसाठी होता, पुढे तो मज्जातंतूकडे गेला. पांढरा चिवट दोर आणि पांढरा मज्जातंतू डोळ्यांना सारखेच दिसत, हे त्यामागचे साधे कारण. मराठीत मात्र दोराचे नाव त्याला जोडलेल्या मांसाला मिळाले. मांसाचे 'पेशी' हे नाव मोकळे झाले आणि ते सूक्ष्मदर्शकाखालील घटकाला चिकटले. मराठी विश्वकोशाने 'कोशिका' स्वीकारून कंसात 'पेशी' दिला. शालेय पाठ्यपुस्तकांनी 'पेशी'च ठेवला. मूळ स्नायूसाठी तेथे 'स्नायुरज्जू' व 'अस्थिबंध' असे दोन नवे शब्द घडवावे लागले.

बोलीने या घोळात फारसा भाग घेतला नाही, हेही नोंदवावे. दंडातील बेटकुळी, पोटरीत येणारा गोळा, आखडलेली शीर हे शब्द मावळात आजही सर्रास ऐकू येतात.

रूढ झालेला अर्थ मागे फिरविणे आता शक्य नाही, इष्टही नाही. परंतु संहितेचा मराठी अनुवाद करताना मूळ 'स्नायु' तसाच ठेवून तळटीप न देणे म्हणजे वाचकाला सुश्रुतांनी न लिहिलेले वाचावयास लावणे होय. प्रश्नपत्रिकांतही 'सुश्रुतांच्या मते स्नायूंची संख्या' विचारताना तो शब्द कोणत्या अर्थाने योजला आहे, हे सांगितले गेले पाहिजे.