पायाचं नख पिवळं आणि जाड झालंय? नखांची बुरशी खरंच बरी होते का?

पावसाळ्यात पुण्यात दुचाकीवरून ऑफिसला पोहोचेपर्यंत बूट-मोजे भिजतात आणि संध्याकाळपर्यंत तसेच पायात राहतात. बुरशीला नेमकी अशीच ओल आणि ऊब लागते. हळूहळू अंगठ्याचं नख पिवळं पडतं, जाड होतं, त्याचा भुगा पडू लागतो.

हे किती जणांना होतं?
वेगवेगळ्या अभ्यासांनुसार जगात साधारण ५ ते १० टक्के लोकांना. साठीनंतर आणि मधुमेह असल्यास प्रमाण वाढतं. हातापेक्षा पायाच्या नखांना हा त्रास जास्त होतो.

खराब दिसणारं प्रत्येक नख म्हणजे बुरशी का?
नाही. नखांच्या तक्रारींपैकी साधारण निम्म्याच बुरशीमुळे असतात. सोरायसिसमुळे किंवा घट्ट बुटांमुळेही नख असंच दिसतं. कडेला सूज येऊन ठणकतं ते नखुरडं, तो वेगळा प्रकार. म्हणून आधी नखाचा भुगा तपासून घ्या. ‘केओएच’ नावाची ही साधी चाचणी त्वचारोगतज्ज्ञ सुचवतात.

औषधाने किती फरक पडतो?
टर्बिनाफिनची गोळी पायाच्या नखांसाठी १२ आठवडे, हाताच्या नखांसाठी ६ आठवडे देतात. पायाच्या नखांवरच्या चाचण्यांमध्ये सुमारे ७० टक्के रुग्णांची बुरशी गेली. पण नखही पूर्ण स्वच्छ झालं, असे रुग्ण ३८ टक्केच होते. नुसत्या लावायच्या औषधांनी पूर्ण बरं होण्याचं प्रमाण याहून बरंच कमी असतं.

गोळ्या संपल्या, तरी नख तसंच का?
कारण खराब झालेलं नख सुधारत नाही, ते वाढून कापलं जावं लागतं. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. मुळाशी स्वच्छ नख दिसू लागलं, की औषध लागू पडतंय असं समजा. ‘फरक नाही’ म्हणून मध्येच गोळ्या सोडू नका.

काय लक्षात ठेवाल?
मेडिकलमधून स्वतःच गोळ्या घेऊ नका. टर्बिनाफिनआधी यकृताची रक्ततपासणी करतात. बोटांमधल्या चिखल्यांवरही उपचार घ्या, नाहीतर बुरशी परत नखात शिरते. पाय कोरडे ठेवा, मोजे रोज बदला, नेलकटर वेगळा ठेवा. मधुमेह असेल, तर डॉक्टरांना लवकर दाखवा.