आस्कोवच्या मास्तरांची पवनचक्की

पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन निघतो, आणि परीक्षानळीच्या तोंडाशी पेटती काडी धरली की ‘फट्’ असा आवाज होतो. मागच्या बाकांवरची मुलेसुद्धा त्या दिवशी जागी असतात. आमच्या शाळेत हा प्रयोग झाला की मला डेन्मार्कमधील एका मास्तरांची आठवण येते. त्यांनी तो साऱ्या शाळेवर केला होता!

पोल ला कूर हे त्यांचे नाव. जटलंडमधील आस्कोव या खेड्यातल्या लोकविद्यालयात ते विज्ञान शिकवीत. १८९१ साली सरकारी मदतीने त्यांनी तेथे पवनचक्की उभारली आणि तिच्यावर वीज निर्माण केली. पण वाऱ्याचा भरवसा काय? म्हणून त्या विजेने पाण्याचे पृथक्करण करून हायड्रोजन साठवावयाचा आणि रात्री त्याचे दिवे लावावयाचे, अशी युक्ती त्यांनी काढली. १८९५ पासून काही वर्षे शाळेत ते दिवे जळले. हायड्रोजनात थोडा प्राणवायू शिरला की स्फोट होई आणि खिडक्यांची तावदाने फुटत. गावातल्या काचवाल्याला बरे दिवस आले असावेत. १९०४ पासून मास्तर खेड्यांतील तरुणांना विजेचे काम शिकवू लागले, आणि १९०८ साली वारले.

पुढे तेल स्वस्त झाले आणि चक्क्या मागे पडल्या. तरीही मास्तरांचा एक विद्यार्थी, योहानेस यूल, ही विद्या विसरला नव्हता. १९५७ साली त्याने गेडसर येथे तीन पात्यांची, २०० किलोवॅटची चक्की उभी केली. ती दहा वर्षे चालली आणि मग थांबली.

१९७३ साली तेलाचे भाव भडकले, तेव्हा डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा बाहेरून आणलेल्या तेलावर चालत होती. २५ नोव्हेंबरपासून रविवारी मोटारींना बंदी झाली. कादंबरीकाराला मोह पडावा असे ते दृश्य, रिकामे हमरस्ते आणि त्यांवरून सायकली! परंतु माझ्या मते त्या रविवारांनी फारसे काही साधले नाही. साधले ते जुन्या विद्येने. क्रिस्तियन रीसागर नावाच्या सुताराने गेडसरच्या नमुन्यावर लहान चक्की बनवली. ट्विंड येथील शिक्षकांनी आपले पगार एकत्र केले आणि विद्यार्थ्यांना हाताशी धरून सुमारे ५४ मीटर उंचीची चक्की उभारली. १९७८ साली ती फिरू लागली. शिक्षकाचा पगार मला ठाऊक आहे, म्हणून हे वाक्य लिहिताना लेखणी क्षणभर थांबली.

दुसरे काम कमी दिसणारे, पण मला वाटते तितकेच मोठे. वीजघरात वाया जाणारी उष्णता नळांतून घराघरांत नेऊन थंडी भागवावयाची. त्यासाठी १९७९ साली कायदा झाला. आज सुमारे दोनतृतीयांश घरे अशा सामाईक नळांवर ऊब घेतात.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. मधल्या काळात उत्तर समुद्रात डेन्मार्कला स्वतःचे तेल सापडले, आणि १९९७ साली देश ऊर्जेत स्वयंपूर्ण झाला त्यात या तेलाचा वाटा मोठा होता. पण विहिरी आटत गेल्या आणि चक्क्या वाढत गेल्या. आता तेथील जवळजवळ निम्मी वीज वाऱ्याची आहे.

आस्कोवची १८९७ सालची चक्कीची इमारत आगीनंतर पुन्हा बांधली गेली. तेथे आता मास्तरांचे संग्रहालय आहे. कधी जाणे झालेच, तर मी प्रथम तिथल्या खिडक्या पाहीन.