जुन्या बाजारातील 'कॅसेट': तोतया वस्तूंचा अस्सल इतिहास

१/ मावळात इतिहास म्हटला की नजर वर जाते. लोहगड, विसापूर, कार्ल्या-भाज्याची लेणी. वडगाव म्हटले की १७७९ ची लढाई आठवते. आजच्या धाग्यात मात्र नजर खाली वळवायची आहे, ताडपत्रीवर मांडलेल्या भंगाराकडे. विषय आहे जुने व्हिडिओ गेम, ते जिथे सापडतात ते बाजार, आणि त्या प्लास्टिकवरून आपल्या अलीकडच्या भूतकाळाचे काय वाचता येते, हा.

२/ अमेरिकेत लोक नको झालेल्या वस्तू घरापुढच्या अंगणात विकायला मांडतात आणि संग्राहक शनिवार-रविवारी गल्लोगल्ली हिंडतात. आपल्याकडे ती चाल नाही. आपल्या घरातली वस्तू आधी माळ्यावर जाते, मग भंगारवाल्याच्या हातगाडीवर, आणि तिथून नशीब असेल तर बाजारात. म्हणजे वस्तू आपल्यापर्यंत पोहोचते तेव्हा तिने तीन-चार हात बदललेले असतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामास येईल.

३/ पुण्यात हा शोध बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेजवळच्या जुन्या बाजारात चालतो. दुरुस्तीसाठी बुधवार पेठेतील तपकीर गल्ली. मुंबईत चोर बाजारातील मटन स्ट्रीट, आणि सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड. मी टाकवे बुद्रुकचा. आमच्याकडून कान्हे स्थानक गाठायचे, लोकल धरायची आणि शिवाजीनगरला उतरून चालू लागायचे. लवकर पोहोचणे इष्ट. दुपारपर्यंत चांगल्या वस्तू उचलल्या गेलेल्या असतात.

४/ बाजारात 'रेट्रो गेम' मागितलात तर कोणी मान वर करणार नाही. 'कॅसेटवाला व्हिडिओ गेम' म्हणा, लगेच पोते उघडले जाईल. त्या चौकोनी डबीत फीत नसते, चिप असते. तरीही आपण तिला कॅसेट म्हटले, कारण गाण्यांची आणि सिनेमाची कॅसेट घरात आधी आली होती. नवे तंत्र जुन्या शब्दाचे बोट धरून घरात शिरते, याचा हा छोटा पुरावा.

५/ आता मूळ पुरुषाकडे. १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीने 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र बाजारात आणले. किंमत १४,८०० येन. चालू कामासाठी त्याची मुख्य स्मृती अवघी २ किलोबाइट. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा पूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये मावला. आज भ्रमणध्वनीवर आलेले शुभप्रभातचे एखादे चित्रही त्याहून मोठे असते.

६/ भारतात अशा वस्तूंच्या वाटेत आयात शुल्काची भिंत होती. एकच उदाहरण पुरे. १९९५ मध्ये सेगा कंपनीने आपला खेळयंत्राचा व्यवसाय इथे आणण्यासाठी शॉ वॉलेस या कंपनीशी करार केला. आयात शुल्क होते ८० टक्के, आणि यंत्राची किंमत ₹१८,०००. उदारीकरणाला चार वर्षे झाली होती, तरी मध्यमवर्गीय घराला ही रक्कम खेळण्यासाठी परवडणारी नव्हती.

७/ मग त्या पिढीने मारिओ खेळला कुठे? बहुतेकांनी नकलेवर. तैवान आणि चीनमधील कारखान्यांनी फॅमिकॉमच्या हुबेहूब प्रतिकृती काढल्या. रशियात त्या 'डेंडी' नावाने घरोघर गेल्या, चीनमध्ये 'सुबोर' नावाने, कळफलक जोडून, अभ्यासाचे यंत्र म्हणून. आपल्याकडे याच कुळातील 'सामुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर' ही नावे एका पिढीच्या स्मरणात आहेत.

८/ यावर शुद्धतावादी संग्राहक नाक मुरडतो: 'हे अस्सल नाही.' इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून एक जुने प्रकरण आठवावे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले. पुढे 'मीच भाऊ' म्हणणारा तोतया उभा राहिला, कोकणातील काही किल्ले त्याच्या हाती गेले, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले.

९/ तो खरा भाऊ नव्हता, म्हणून इतिहासकारांनी ते प्रकरण सोडून दिले का? नाही. लोकांनी त्याच्यावर विश्वास का ठेवला, कोणाला तो हवा होता, हेच प्रश्न महत्त्वाचे ठरले. तोतया मूळ पुरुषाविषयी थोडे सांगतो आणि त्याची वाट पाहणाऱ्या समाजाविषयी पुष्कळ. जुन्या बाजारातील नकली यंत्राकडे याच दृष्टीने पाहायचे.

१०/ हा तोतया इथल्या मातीला अधिक मानवणाराही होता. जपानी दूरचित्रवाणी सेकंदाला सुमारे ६० वेळा पडदा रंगवते, आपली ५० वेळा. मूळ जपानी यंत्र आपल्या जुन्या टीव्हीला जोडले तर चित्र बिघडते. प्रतिकृती करणाऱ्यांनी चिपमध्ये बदल केले आणि जपानी खेळ आपल्या पडद्यावर नीट चालू लागले. मूळ मालकाने न केलेले काम नक्कल करणाऱ्याने केले.

११/ आता पद्धत. कागदपत्रांसाठी आपण बाह्यपरीक्षण आणि अंतःपरीक्षण शिकतो. दोन्ही इथे लागू पडतात. बाह्यपरीक्षणात पहिले काम कालनिश्चिती. यंत्र उघडा. चिपच्या पाठीवर बहुधा चार आकडे असतात: पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ९४१२ म्हणजे १९९४ चा बारावा आठवडा. ती चिपची जन्मतारीख आहे. यंत्र त्यानंतर जोडले गेले.

१२/ चिप दिसत नसेल आणि तिच्या जागी काळ्या लाखेसारखा गोळा असेल, तर खर्च वाचवण्यासाठी उघडी चिप थेट पट्टीवर बसवून वर राळ ओतली आहे. अशा वेळी बाह्यरूपाकडे पाहा. सोनीचे 'प्लेस्टेशन' ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये आले. त्याच्यासारखा दिसणारा 'पॉलीस्टेशन' त्याआधीचा असूच शकत नाही. आत १९८३ चा मेंदू, वर नव्या जमान्याचे जाकीट. नाण्यांच्या ढिगात सर्वांत नवे नाणे जसे ढिगाची तारीख ठरवते, तसेच हे.

१३/ अशा उशिराच्या यंत्रांना आणखी एक तारीख जोडून पाहा. १ एप्रिल २००१ रोजी भारताने आयातीवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध हटवले. शेवटच्या यादीत ७१५ प्रकारच्या वस्तू होत्या. स्वस्त परदेशी मालाची वाट रुंदावली. पूर्वी मनीष मार्केटपर्यंत जावे लागे, तसला माल तालुक्याच्या बाजारपेठेत आणि यात्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात दिसू लागला. शहरात जुने झालेले यंत्र अंदर मावळात नवे होते. एकाच वस्तूचे दोन काळ असतात.

१४/ आता अंतःपरीक्षण. कॅसेटवर लिहिलेले असते '९९९९९९९ इन १'. लावून पाहा. खेळ निघतात मोजके. यादीतील बाकीच्या नोंदी म्हणजे तेच खेळ, कधी दुसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारे, कधी जादा जीवदान दिलेले. बखरीतल्या लक्ष लक्ष फौजेसारखाच हा आकडा: मोजायचा नसतो, कोणाला भुलवण्यासाठी लिहिला ते पाहायचे असते.

१५/ पुष्कळ कॅसेटमध्ये पहिल्या पडद्यावरून मूळ कंपनीचे नाव खोडलेले आढळते. भारतात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावली स्वामित्वहक्क कायद्याखाली आली होती. कायदा पुस्तकात होता, बाजार आपल्या गतीने चालत होता. मारिओ कोणी घडवला हे इथल्या मुलांना माहीत नव्हते, कारण ते नाव त्यांच्यापर्यंत पोहोचूच दिले गेले नव्हते. हीही नोंद इतिहासाचीच.

१६/ झीज वाचायला शिका. दामोदर धर्मानंद कोसंबी हे पुण्यात राहिलेले गणिती, कार्ल्याच्या परिसरात पायपीट केलेले. त्यांनी प्राचीन नाणी तोलली. हातोहात फिरलेले नाणे झिजते, आणि वजनातील घट त्याच्या प्रवासाची साक्ष देते, हे त्यांनी गणिताने मांडले. आपल्या हातातील खेळपट्टीवर उडीची कळ गुळगुळीत आणि बाकीच्या कोऱ्या असतील, तर त्या घरात कोणता खेळ रुळला होता याचा अंदाज बांधता येतो.

१७/ दोन खेळपट्ट्यांची झीज शेजारी ठेवून पाहा. पहिली झिजलेली आणि दुसरी नवीकोरी असेल तर प्रश्न पडायला हवा. एकटे मूल होते का? की धाकट्या बहिणीची पाळी कधी आलीच नाही? वस्तू उत्तर देत नाही, प्रश्न मात्र नेमका देते. उत्तरासाठी माणसांकडेच जावे लागते.

१८/ आणखी एक खूण. काही मूळ जपानी कॅसेटमध्ये खेळ जतन करण्यासाठी छोटी बॅटरी असे. इथल्या स्वस्त कॅसेटमध्ये ती क्वचितच. वीज गेली की खेळ पहिल्यापासून. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने भारनियमनात काढली. गावातील वीज जाण्याच्या वेळा पाठ असलेल्या मुलांनी त्या वेळापत्रकात मारिओ बसवला. राज्याच्या ऊर्जेचा इतिहास आणि खेळाचा इतिहास इथे एकाच तारेवर येतात.

१९/ बदकांच्या खेळाची बंदूक सापडली तर हरखून जाऊ नका. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उजळतो. बंदुकीच्या नळीतील संवेदक तो उजेड टिपतो. हे गणित जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर बेतलेले आहे. सपाट पडद्यावर नेम चुकतोच. बंदूक जपली आणि टीव्ही भंगारात गेला, तर उरते ते निव्वळ प्लास्टिक.

२०/ आणि टीव्ही भंगारात चाललेच आहेत. ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. विषारी धातू मातीत जाऊ नयेत, उघड्यावर तारा जाळून तांबे काढणाऱ्यांचे आरोग्य वाचावे, यासाठी ते आवश्यकच होते. पण पुनर्चक्रणाच्या यंत्राला पट्टी आणि पुरावा यांतील फरक कळत नाही. वस्तू तिथे पोहोचण्याआधी तिची नोंद करणारी कोणतीही व्यवस्था आपण उभारलेली नाही.

२१/ बाहेर हे भान येऊ लागले आहे. १९८३ मध्ये अटारी कंपनीने न विकलेला माल न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरला. २०१४ मध्ये तिथे पुरातत्त्वज्ञांच्या उपस्थितीत उत्खनन झाले आणि सुमारे १,३०० कॅसेट वर आल्या. २०२३ च्या एका अमेरिकी अभ्यासानुसार तिथे २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नाहीत. हे अधिकृत खेळांचे. आपल्या नकली कॅसेटची तर मोजदादच कोणी केलेली नाही.

२२/ 'असल्या वस्तू कोण जपतो?' असे विचारणाऱ्यांना पुण्यातच उत्तर आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दौती, फण्या जमवायला सुरुवात केली. तेव्हा ती घरातली अडगळ होती. १९७५ मध्ये त्यांनी तो संग्रह राज्य शासनाला दिला. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात आपण तीच अडगळ तिकीट काढून पाहतो.

२३/ धोका भंगारापुरता नाही, तो आपल्यासारख्या हौशी शोधकांतही आहे. संग्राहक कॅसेट घेतो, तिच्यावर मार्करने लिहिलेले मुलाचे नाव थिनरने पुसतो, फाटका कागद खरवडतो. वस्तू चकचकीत होते, किंमत वाढते. मला एकदा अशी कॅसेट मिळाली की तिच्या पाठीला वहीचा कागद चिकटवलेला होता, आणि त्यावर चालणाऱ्या खेळांचे क्रमांक पेनाने लिहिलेले. ती यादी पुसली असती तर हाती उरली असती हजारांतली एक नक्कल. यादीसह ती एकमेव आहे.

२४/ म्हणून शोधायला जाल तेव्हा चार गोष्टी करा. विक्रेत्याला विचारा, 'हा माल कुठल्या भागातून आला?' त्याला बहुधा माहीत असते, आणि तोही या इतिहासाचा साक्षीदार आहे. पुसण्याआधी छायाचित्र काढा. चिपवरचे आकडे आणि खरेदीचा दिवस लिहून ठेवा. पहिल्यांदा वीज देण्यापूर्वी अडॅप्टरची धन-ऋण बाजू तपासा, नाहीतर पुरावा तुमच्याच हातून जळेल.

२५/ बाजार नसेल तर घर आहे. या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पिशवी भंगारवाल्याकडे जाण्याआधी उघडा. आत यंत्र असेल तर कोणी आणले, कुठून, किती रुपयांना, दुसरी खेळपट्टी कोणाच्या हातात असे, हे आई-वडिलांना, काका-मावशीला विचारा आणि लिहून घ्या. ते सांगणारी माणसे आज समोर आहेत. तुमच्या गावात किंवा पेठेत या यंत्राला काय म्हणत असत, ते खाली नोंदवा. पुढचा धागा त्या नावांचा करू.