पोटावरचा विळा

तान्हे बाळ रात्ररात्र रडते, दूध ओढत नाही, पोट टम्म फुगते. मेळघाटातल्या कोरकू घरांत या दुखण्याला एक जुने नाव आहे: फोपसा. त्यावरचा उपायही तितकाच जुना. विळा चुलीत लाल होईपर्यंत तापवायचा आणि बाळाच्या उघड्या पोटावर चटके द्यायचे. याला म्हणतात डंबा. फेब्रुवारी २०२५मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरी गावी अवघ्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे ६५ चटके आढळले. बाळाला अमरावतीच्या रुग्णालयात हलवावे लागले.

बातमी वाचून सपाटीवरचे वऱ्हाड हळहळले. पण डाग देण्याची रीत एकट्या कोरकूंची कधीच नव्हती. पोर खंगले, डाव्या बरगडीखाली हाताला कठीण गोळा लागला, की गावातली जाणती माणसे 'पानथरी वाढली' म्हणत. मग कुठे पोटावर डाग, कुठे बिब्ब्याचे तेल. पानथरी म्हणजे प्लीहा, आणि वारंवारच्या हिवतापाने ती खरोखरच वाढते. विदर्भात अनेक घरांत पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या सिकलसेलमध्येही लहान मुलांची प्लीहा फुगते, पोटात कळा येतात. म्हणजे त्या जाणत्या हाताला दुखणाऱ्या अवयवाचा ठावठिकाणा बरोबर सापडत होता. चुकत होते ते पुढचे पाऊल.

शास्त्राचा आधार म्हणावा, तर तोही नाही. सुश्रुतसंहितेत अग्निकर्माचे कौतुक आहे खरे, पण ते कुणावर करू नये याची यादीही तिथेच आहे, आणि त्या यादीत बालक आहे.

तरीही डंबा टिकला, कारण तो 'लागू पडताना' दिसला. पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळ बाळे काही आजार नसतानाही तासन्‌तास कळवळून रडतात. हे रडणे साधारण सहाव्या आठवड्यात शिगेला पोचते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. चटके बसलेले बाळही त्याच सुमारास शांत झाले, की श्रेय विळ्याला मिळे. जी बाळे वाचली नाहीत, त्यांच्याबद्दल नशिबाला बोल लावून लोक गप्प बसत.

मोठ्या मुलांचे पुन्हा पुन्हा दुखणारे पोट तर भल्याभल्यांना चकवते. जॉन ॲप्ली आणि नोरा नेश या डॉक्टरांनी १९५८ साली इंग्लंडमधल्या १,००० शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे नऊ मुलांमागे एकाला असे दुखणे होते आणि त्यातल्या बहुतेकांच्या शरीरात कुठलाही विकार सापडला नाही. मेळघाटात मात्र तेवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. इथे जंत असतात, अपुरे अन्न असते, दूषित पाणी असते. जुलै २०२२मध्ये पाचडोंगरी आणि कोयलारीत उघड्या विहिरीच्या पाण्याने पटकी पसरली आणि माणसे दगावली. जंतांवर अल्बेंडाझोलची एक गोळी पुरते. पटकीला मात्र शुद्ध पाण्याचा नळच हवा.

१९९३मध्ये इथल्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. त्याच्या कितीतरी आधीपासून डॉ. रवींद्र कोल्हे बैरागडला एक-दोन रुपयांत रुग्ण तपासत होते, पुढे डॉ. स्मिता कोल्हेही त्या कामात आल्या. १९९८पासून डॉ. आशिष सातव यांचे काम उतावलीत सुरू झाले. २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. चटके देणाऱ्यांवर गुन्हे दाखल होतात आणि ते व्हायलाच हवेत. पण घाबरलेली आई मध्यरात्री धावते ती जवळच्या माणसाकडे, आणि तो बहुधा भूमका, म्हणजे गावचा वैदू असतो. म्हणूनच आरोग्य खात्याने भूमकांनाच हाताशी धरून रुग्ण दवाखान्यात आणायला शिकवले, हे मोठ्या शहाणपणाचे झाले.

ज्याचे पोट फुगलेले आणि हलताना दिसते, त्या बाळाचे दुखणे कित्येकदा पोटात नसतेच. ते छातीत असते. न्यूमोनियात श्वासासाठी धडपडताना बाळाचे पोट वरखाली उडते. शेजारच्या मध्य प्रदेशात, शहडोलकडेही याच आजारात बाळांना डागतात. घरी जन्मलेल्या बाळाकडे आशाताई पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. अंगावरचा कपडा बाजूला करून, बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट ती त्याचे श्वास मोजते. ६० किंवा त्याहून जास्त भरले, की दवाखान्याची गाडी बोलवायची.