अर्ध्या ‘र’चा तंटा

कोल्हापूर जिल्ह्यांतील कागल तालुक्यांत, वेदगंगेच्या खोऱ्यांत, मुरगूड हें एक लहानसें शहर आहे. त्याचें नांव कागदावर लिहिलें तर अक्षरें चारच: मु, र, गू, ड. हेंच नांव संगणकांत उतरविलें म्हणजे त्याचे सहा भाग होतात. ‘म’ निराळा, त्याचा उकार निराळा. मग ‘र’, ‘ग’, ‘ग’चा दीर्घ ऊकार आणि शेवटीं ‘ड’. प्रत्येक भागाला एक क्रमांक. यंत्राच्या पोटांत अक्षर असें कांहीं नसतेंच. असतात ते हे क्रमांक. येथपर्यंत कोणाचें भांडण नाहीं. परंतु तेथील नगरपरिषदेच्या कारकुनास ‘कर्मचाऱ्यांचें वेतन’ असे दोन शब्द लिहावयाचे झाले, कीं त्याच्या बोटांखालीं एक जुना तंटा येऊन उभा राहतो. ‘कर्मचाऱ्यांचें’ ह्या एकाच शब्दांत ‘र’ दोनदां अर्धा होतो. ‘र्म’वर तो रफार होऊन बसतो, आणि ‘ऱ्यां’मध्यें डोळ्याच्या पापणीसारखा आडवा होतो. ही पापणी यंत्रास कोणत्या क्रमांकांनीं सांगावयाची, ह्या प्रश्नाचे दोन निकाल लागले, आणि दोन्हीं आजहि अमलांत आहेत.

तंटा समजण्यास थोडें मागें जावें लागतें. छापखान्यांतील खिळ्यांना ध्वनीशीं कर्तव्य नव्हतें, आकाराशीं होतें. एकोणिसाव्या शतकांत मुंबईस जावजी दादाजी आणि राणोजी रावजी आरू ह्यांनीं निर्णयसागराचे जे सुबक ठसे घडविले, त्यांच्या परंपरेंत अर्धीं अक्षरें वेगळीं, जोडाक्षरें आणखी वेगळीं. खिळे जुळविणाऱ्यापुढें खणांची भलीमोठी पेटी असे. खण कमी व्हावे म्हणून लिपीसच कात्री लावावी अशी सूचना पुढें आली. सावरकरांनीं ‘अ’ची बाराखडी सुचविली, ‘इ’ऐवजीं ‘अि’ लिहावें हा तिचा मासला. ‘किर्लोस्कर’ मासिकानें ती चालवूनहि दाखविली. टंकयंत्रानें तर ‘कि’ लिहितांना वेलांटी आधीं आणि ‘क’ मागाहून अशी सक्तीच केली. यंत्रासाठीं लिपी कीं लिपीसाठीं यंत्र, हा प्रश्न संगणकाहून वडील आहे.

महाराष्ट्रांत संगणक आला तो मात्र अक्षरांसाठीं नव्हे, आंकडेमोडीसाठीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं टिफ्रॅक हें देशीं बांधलेलें यंत्र कार्यान्वित झालें. चाळीस बिटांचा एक शब्द, अशा २०४८ शब्दांची त्याची स्मृति. आणि त्यास आज्ञा द्यावयाच्या त्या त्याच्याच आंकडी बोलींत. १९६४ सालीं त्याच संस्थेंत अमेरिकेहून सीडीसी ३६०० आला, व त्याबरोबर फोर्ट्रान ही गणिताच्या सूत्रांसारखी वाचतां येणारी भाषा. यंत्राच्या जवळ जाऊन लिहावें कीं माणसाच्या जवळ राहून, हा आज्ञावली लिहिणाऱ्यांचा जगभर चाललेला वाद आहे. अक्षरांचे क्रमांक ह्या वादाच्याहि तळाशीं असतात. वरची भाषा कितीहि शहाणी असो, खालचा क्रमांक चुकला कीं सर्व चुकतें.

अमेरिकेनें १९६३ सालीं आपल्या अक्षरांचे क्रमांक ठरविले. सात बिटांचीं १२८ घरें, तीं सर्व इंग्रजींतच भरून गेलीं. आठवा बिट जोडला म्हणजे आणखी १२८ घरांचा मजला चढतो. भारतीय लिप्यांना राहावयास मिळाली ती ही माडी. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत ह्या माडीची आंखणी सुरू झाली. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅकची स्थापना झाल्यावर ‘जिस्ट’ ह्या नांवानें तें काम तेथें आलें. मोहन तांबे ह्यांचें नांव ह्या कामाशीं निगडित आहे. सी-डॅक लोकांच्या तोंडीं झाली ती ‘परम’ महासंगणकामुळें. अर्ध्या ‘र’ची बातमी पहिल्या पानावर कोण छापणार!

ह्या मंडळींनीं धरलेलें तत्त्व असें कीं, क्रमांक ध्वनीला द्यावयाचा, आकाराला नव्हे. ‘क’, मग ऱ्हस्व इकार. वेलांटी डावीकडे काढणें ही पडद्यावर रेखाटणाऱ्या यंत्रणेची जबाबदारी. ‘र’, त्यामागून हलन्ताची खूण, त्यामागून ‘म’. रफार कोठें बसवावयाचा तें यंत्रणेनें पाहावें. नागरी, बंगाली, गुजराथी, तामिळ, कन्नड, सर्वांना एकच कोष्टक. पाणिनीच्या देशास हा विचार सहज पटण्याजोगा होता. परंतु मराठीपाशीं येऊन तत्त्व अडखळलें. ‘र’, हलन्त, ‘य’ ह्यांचा ‘र्य’ होतो. मग ‘ऱ्य’ कशाचा व्हावा?

हा भेद केवळ वळणाचा नव्हे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. आचार्यांना बोलाविलें तर प्रवचन होईल, आचाऱ्यांना बोलाविलें तर जेवण होईल. उच्चारांतहि फरक आहे: रफारापूर्वींच्या अक्षरावर आघात येतो, पापणीपूर्वीं येत नाहीं. ‘वऱ्हाड’, ‘कऱ्हाड’, ‘तऱ्हा’ हे शब्द पापणीवांचून लिहितांच येत नाहींत. आणि ‘शेतकऱ्यांस’, ‘गांवकऱ्यांनीं’, ‘अधिकाऱ्यांकडे’ ह्यांच्यावांचून महाराष्ट्रांतील एकहि सरकारी कागद पुरा होत नाहीं.

तोड निघाली ती युक्तीची होती. सर्व लिप्यांच्या सामाईक कोष्टकांत तामिळ इत्यादि भाषांच्या निराळ्या ‘र’साठीं एक घर होतें, नागरींत तो ‘ऱ’ असा खालीं नुक्ता देऊन दाखवीत. मराठीस ह्या पूर्ण ‘ऱ’चा उपयोग नाहीं. तेव्हां त्याचा पाय मोडला कीं पापणी उमटावी, असें ठरलें. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘र’च्याच कळींत, शिफ्ट दाबून, हा ‘ऱ’ मिळतो. १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें ‘इस्की’ ही संकेतावली आय. एस. १३१९४ ह्या क्रमांकानें प्रमाण केली.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अमेरिकेंत युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. जगांतील सर्व लिप्यांना एकाच इमारतींत खोल्या देणारी ही योजना. तिनें भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतली, पण ती १९८८ च्या मसुद्यावरून. पुढें १९९६ सालीं निघालेल्या दुसऱ्या आवृत्तींत पापणीचा मार्ग निराळाच होता: साधा ‘र’, हलन्त, आणि त्यामागून एक अदृश्य सांधा. ह्या सांध्याला रुंदी नाहीं, आकार नाहीं. शेजारच्या अक्षरांनीं कसें जुळावें एवढेंच तो सांगतो.

दोन्हीं बाजूंस बोलण्यासारखें पुष्कळ होतें. सांध्याच्या बाजूनें व्याकरण उभें राहतें. ‘शेतकरी’ मधील ‘र’ आणि ‘शेतकऱ्या’ मधील ‘र’ हा एकच वर्ण. विभक्तीसाठीं शब्दाचें रूप बदलतांच त्यांतील वर्णाचा क्रमांक बदलावा, आणि तोहि तामिळच्या नांवानें राखलेला मिळावा, हें विचित्र आहे. शिवाय कोणत्याहि शब्दकोशकारास ‘र’ आणि ‘ऱ’ निरनिराळ्या जागीं नकोत. क्रमांकांप्रमाणें ओळ लावणारें यंत्र मात्र ते वेगळे करून ठेवतें. उलट बाजूस व्यवहार उभा राहतो. जें डोळ्यांना दिसत नाहीं तें हरवलें तरी कळत नाहीं. अनेक आज्ञावल्या अदृश्य चिन्हें कचरा समजून झाडून टाकतात, आणि सांधा गेला कीं दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्यांचे आचार्य होतात. ही भीति पोकळ नव्हती: २००३ सालीं संकेतस्थळांच्या नांवांसाठीं जो आंतरराष्ट्रीय नियम झाला, त्यानें हा सांधा सरसकट गाळला. पुढील नियमांत विशिष्ट जागीं त्यास परत घेतलें. व्याकरण एका बाजूस असूनहि येथें व्यवहाराचाच पक्ष बळकट म्हटला पाहिजे.

युनिकोडनें अखेर इस्कीचा ‘ऱ’ मुख्य नियम म्हणून स्वीकारला, आणि दुसऱ्या आवृत्तीप्रमाणें लिहिलेले कागद निरुपयोगी होऊं नयेत म्हणून सांध्याचा मार्गहि उघडा ठेवला.

पंडितांचा हा वाद चालू असतांना बाजारानें आपला रस्ता केव्हांच धरला होता. १९९० नंतरच्या दशकांत मराठी छपाई चालली ती श्रीलिपी, आकृती ह्यांसारख्या अक्षरमुद्रांवर. त्यांत क्रमांक ध्वनीला नसून पुन्हां आकारालाच होता. जणूं खिळ्यांची पेटीच पडद्यावर आली. प्रत्येकाची पेटी निराळी. एका मुद्रेंत लिहिलेलें दुसरींत उघडलें तर अगम्य चिन्हांची रांग दिसे. अक्षर पडद्यावर सुंदर, परंतु त्यांत एक शब्द शोधूं म्हटलें तर शोधतां येईना. २००० सालच्या विंडोजबरोबर र. कृ. जोशी ह्यांनीं रेखाटलेली ‘मंगल’ ही नागरी मुद्रा आली, तेव्हां युनिकोडमधील मराठी सामान्य माणसाच्या मेजावर दिसूं लागली.

‘बॅट’ मधील स्वराचीहि अशीच कथा आहे. हिंदी वळणाचा ‘ऍ’ आरंभापासून कोष्टकांत होता. मराठी वळणाच्या ‘ॲ’स स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ सालीं.

आणखी एक तक्रार वजनाची. १९९२ सालीं केन थॉम्प्सन व रॉब पाइक ह्यांनीं युनिकोडचे क्रमांक साठविण्याची युटीएफ-८ ही रीत काढली. तींत इंग्रजी अक्षरास एक बाइट पुरतो, नागरी चिन्हास तीन लागतात. रोमन लिपींत मुरगूड सहा बाइटांचें, इस्कींतहि सहाच. ह्या रीतींत अठरा. दूरध्वनीवरील लघुसंदेशांत इंग्रजीचीं १६० अक्षरें मावतात, मराठीचीं ७० चिन्हें. एक चित्र साठविण्यास एखाद्या पोथीहून अधिक जागा लागते तेथें ह्या तिपटीचा हिशोब कशाला, असें उत्तर मिळतें. संदेशामागें दाम मोजणाऱ्यास तें पटणें कठीण होतें.

पापणीचें मात्र आज असें आहे. एका कारकुनानें ‘ऱ’च्या कळीनें ‘शेतकऱ्यांस’ लिहिलें, दुसऱ्यानें सांधा घालून तेंच लिहिलें, तर दोन्हीं कागद छापून शेजारीं ठेवल्यास तसूभरहि फरक दिसणार नाहीं. यंत्राच्या दृष्टीनें मात्र ते दोन भिन्न शब्द. एक शोधला तर दुसरा सांपडत नाहीं, आणि अर्ज गहाळ झाला असें समजून कोणी तो पुन्हां करावयास सांगतो. म्हणून मराठीची शोधयंत्रणा लिहिणारा जाणता मनुष्य प्रथम ‘र’, हलन्त व सांधा ही तिकडी जेथें जेथें आढळेल तेथें ती काढून ‘ऱ’ व हलन्त घालतो, आणि मगच शोधावयास लागतो.